शिंग वाजलं की हातातलं खाली

न्यारुहांगा टेकडी,
१४ जून

गेर्शोम,

वर 'चिरंजीव' लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. विसरलो नाही, गाळलं. फोन तू उचलत नाहीस. पत्राला उचलायची परवानगी लागत नाही, म्हणून लिहितो आहे. तुझ्या लॉजला भाजी नेणाऱ्या गाडीतून पाठवतो, कोबीच्या पोत्याबरोबर तुझ्या टेबलापर्यंत येईल. कोबी घेशील तसं हेही घे.

माझ्या ओसरीवरून तुझं लॉज समोर दिसतं. मधे एक दरी. धुकं नसलं की तुमच्या पाहुण्यांचे वाळत घातलेले टॉवेल मी ओळखतो. लहानपणी तू ह्या ओसरीवरून पलीकडच्या गुराख्यांना शिव्या द्यायचास आणि त्या अचूक पोचायच्या. आता मी हाक मारली तर पोचत नाही. दरी तेवढीच आहे.

तू आठ माणसांना कामावरून काढलंस. एका सकाळी, एका रांगेत उभं करून. कान्योनीला काढलंस, ज्याच्या पाठीवर बसून तू शाळेत यायचास. मुहवेझीला काढलंस, तुझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला. कारण काय, तर त्यांनी जंगलात पाहुणीला टाकलं.

टाकलं? शब्द नीट वापर. तुला चौथीत भाषा मी शिकवली आहे. त्यांनी तिला 'ठेवलं'.

काय झालं ते मला कान्योनीनेच येऊन सांगितलं. अंगणात बसून ज्वारीच्या आंबलीचा, बुशेऱ्याचा, तांब्या रिकामा करत सांगितलं, आणि नोकरी गेलेल्या माणसाला शोभणार नाही इतकं हसत सांगितलं. तुझ्या कानावर ते तसंच पडावं म्हणून त्याच्याच तोंडचं लिहितो.

"मास्तर, हॉलंडची बाई. मनाने देवमाणूस, पण वजनाने अख्खी चक्की! गुडघे गेलेले. मग काढलं आमचं हेलिकॉप्टर." (खुर्चीला दांडे बांधून चालता न येणाऱ्या पाहुण्यांना गोरिलांपर्यंत उचलून नेता, त्याला ही पोरं हेलिकॉप्टर म्हणतात, हे तुला मी सांगायला नको.) "चौघे खांद्याला, चौघे बदलीला. चढ असा की पुढच्याची टाच मागच्याच्या नाकात. वर गोरिला सापडल्याचं माग काढणाऱ्यांनी कळवलं होतं. जंगलखात्याचा वाटाड्या ओबेद म्हणाला, पोचलोच, तोंडाला फडकी बांधा. आणि तेवढ्यात खालून शिंग."

ते शिंग मी फुंकलं होतं, गेर्शोम. ह्या वयात. पहिल्या फुंकीला नुसती हवा आली.

"लांब, आखूड, लांब," कान्योनी म्हणाला. "म्हणजे बाळंतीण. कुणाची ते शिंग सांगत नाही. आम्ही थांबलो. शिंग वाजलं की हातातलं खाली, हा कायदा माझ्या आज्यापासूनचा. सूट एकच, खांद्यावर आधीच आजारी माणूस असेल तर. आता बाई आजारी की कशी, हे ठरवायचं कुणी? म्हटलं, तिलाच विचारू. ओबेदला म्हणालो, विचार बाईंना, तुम्ही आजारी आहात का? ओबेदने विचारलं. बाई खुर्चीत ताठ झाली, छाती पुढे काढून म्हणाली, छे छे! मी अगदी ठणठणीत आहे!"

इथे कान्योनीने मांडीवर थाप मारली. "ठणठणीत! मग काय करणार मास्तर? सपाट जागा पाहिली, मुळांवर खुर्ची टेकवली, खाली दगड लावला, डगमगत नाही ना पाहिलं, सलाम केला आणि सुटलो. बाई मागून ओरडते आहे, ओबेद ओरडतो आहे, आणि आम्ही आठ रानडुकरासारखे उतारावरून खाली."

खाली आल्यावर त्यांना कळलं की डोली क्यारिसिमासाठी आहे. तुझ्या बहिणीसाठी. पोटात मूल आडवं होतं. मुहवेझी आपल्याच बायकोच्या डोलीला लागला आणि सडकेपर्यंत त्याने खांदा बदलू दिला नाही. पुढे गाडी, पुढे दवाखाना, पुढे चिरफाड. मुलगी झाली. दोघी जिवंत आहेत. डॉक्टर काय म्हणाले ते मी लिहीत नाही, बहिणीला विचार. विचारायला आधी यावं लागेल.

ओबेद आणि माग काढणारे बाईजवळ होतेच. केसालाही धक्का लागला नाही. आणि तू आठ घरांची चूल विझवलीस.

आता मंडळाचं ऐक. रविवारी प्रार्थनेनंतर डोलीचं मंडळ बसलं. म्हातारा बिट्वारी बोलायला उभा राहिला. तुला ठाऊक आहे, ह्या टेकडीवर घरामागे एक खांदा असतो. आपल्या घरचा खांदा तू. माझे डोली उचलायचे दिवस संपले तेव्हा तुझं नाव लागलं. गेली कित्येक वर्षं तू स्वतः आला नाहीस, भाड्याचा माणूस पाठवतोस, आणि मंडळाने ते माझ्याकडे पाहून गिळलं. ह्या वेळी नाही गिळलं. ठरलं ते असं: पुढची डोली निघेल, कुणाचीही असो, तिला गेर्शोमने स्वतःचा खांदा द्यावा. दिला तर झालं गेलं दरीत. नाही दिला तर आपल्या घराचं नाव मंडळातून पुसलं.

आपलं घर म्हणजे कोण? तुझी बायको-मुलं कबालेला, तू लॉजवर. घरात मी आहे. नाव पुसलं तर उद्या मी पडल्यावर कुणी शिंग फुंकलं तरी ह्या टेकडीवर एक माणूस उठणार नाही. दवाखान्यालाही नाही आणि खड्ड्यालाही नाही.

मी विनवणी करत नाही. कळवतो आहे.

तुझा बाप,
यिरेमिया बगांबाकी


२२ जून

गेर्शोम,

फोन केलास. उपकार. पण मला वाटलं होतं मुलाचा फोन आहे, निघाला मॅनेजरचा.

"ताता, तुम्ही समजून घ्या," म्हणालास. "बाईला काही झालं असतं तर? एखादा नर अंगावर आला असता तर? एक बातमी पुरे असते. उद्या पाहुणे दुसऱ्या डोंगरावर जातील. इथली साठ घरं ह्या पाहुण्यांवर जेवतात. मी आठ माणसं काढली ती साठ घरांसाठी. आणि शेवटी ताता, पाहुणीनेच तक्रार केली. मी काय करणार होतो?"

बोललास छान. पूर्वीपासून छान बोलतोस. पण मी तेवढा वेळ एकाच गोष्टीची वाट पाहत होतो, की हा आता विचारेल, क्यारिसिमा कशी आहे. नाही विचारलंस. "बरं, पाहुणे आलेत," म्हणालास आणि ठेवून दिलास. मग संध्याकाळी ड्रायव्हरबरोबर साखरेचा पुडा आला. साखर मी बिट्वारीच्या बकरीला घातली. बकरीनेही जरा विचार केला.

साठ घरांचं म्हणतोस. ही साठ घरं तुझं लॉज बांधायच्या आधी काय उपाशी मरत होती? ज्वारी होती, रताळी होती, मटार होता. आणि रात्री-अपरात्री कुणी पडला तर डोली होती. सडक नव्हती, दवाखाना नव्हता, पण माणसं होती. आता सडक आली आणि माणसं सकाळी तुझ्या फाटकाशी ओळीत उभी असतात, कुठला गोरा लंगडा येतो का पाहत. त्यात त्यांचा दोष नाही. पोटाचा दोष आहे. पण त्यांचे कान अजून आपले होते. तुला त्यांचे कानही हवेत.

कारण मला कळलं आहे. आठातल्या चौघांना तू परत घेतलंस. अट घातलीस की काम चालू असताना शिंग वाजलं तरी ऐकायचं नाही. चौघांनी मान डोलावली. त्यातला एक काल माझ्या वाटेवरून गेला तर केळीआडून गेला. मी हाक मारली, "अरे, मला का लपतोस? मी काय गोरिला आहे?" तर म्हणाला, "मास्तर, गोरिलाला नसतो लपत. तुम्हाला लपतो." मी त्याला काही बोललो नाही. त्याला लहान पोरं आहेत. तुला बोलतो आहे.

कान्योनी आणि मुहवेझी तुझ्या दारात आले नाहीत. येणारही नाहीत.

काल दुपारी झोप लागेना म्हणून शाळेची जुनी पेटी उघडली. तुला आठवतं, निरीक्षक साहेब आले होते आणि मी तुला म्हणायला उभं केलं होतं? मीच रचलेली कविता. पुस्तकातल्या कविता सगळ्या समुद्राच्या आणि जहाजांच्या, आमच्या पोरांनी समुद्र कुठे पाहिला? म्हणून मी टेकड्यांची केली.

टेकडीमागे टेकडी उभी,
मागची पुढचीला हाक देई;
आई गं, माझ्या पायांखाली
धुक्याचं दूध सांडून जाई.

तू अनवाणी उभा होतास. शर्टाला एकच बटण. 'हाक देई' म्हणताना तू खरंच हाक दिलीस, खिडकीतून बाहेर, लांबवर, आणि समोरच्या टेकडीवरून ती परत आली. साहेबांचा चहा सांडला. मला त्या दिवशी वाटलं, हा माझा मुलगा ह्या डोंगराचा आवाज आहे. शिक्षकाला असं काहीबाही वाटतं. सबंध आयुष्य मुलांच्या तोंडून आपल्याच ओळी ऐकण्यात गेलं की माणूस जरा हवेत चालतो. पण बापाला तरी दुसरं काय वाटणार?

जाऊ दे. मी रागावलो आहे आणि मला रागावलेलंच राहू दे. पेटी बंद केली.

पुढची डोली कधी निघेल ते कुणी सांगू शकत नाही. ज्या दिवशी निघेल त्या दिवशी मी पाहणार आहे.

बाप


१ जुलै

गेर्शोम,

तू खोटं बोललास.

हे वाक्य मी तीन कागद फाडून लिहिलं आहे. आधीच्या कागदांवर जे होतं ते शिक्षकाच्या हाताला शोभणारं नव्हतं.

काल क्यारिसिमाच्या दारात ओबेद आला. जंगलखात्याचा गणवेश, पण टोपी हातात, आणि मागे काठी टेकत, धापा टाकत तुझी ती पाहुणी. विल्मा बाई. तुझ्या लॉजमधून ती कधीच निघाली आहे, खाली बाजारपेठेतल्या मिशनच्या खोल्यांवर राहते आहे. ती इतक्या दिवसांत परत मायदेशी गेली असेल असं मी धरून चाललो होतो. गेली नव्हती. दर दिवशी ओबेदला विचारत होती, ज्या बाईसाठी ते पळाले ती जगली का.

कान्योनी तिथेच लाकडं फोडत होता. बाईला पाहून त्याने कुऱ्हाड टाकली आणि केळीत घुसायला निघाला. बाई ओरडली. ओबेदने आमच्या भाषेत सांगितलं, "थांब रे गाढवा. बाई म्हणतात, आज मी ठणठणीत नाही, आज तरी पळू नकोस."

क्यारिसिमा इतकी हसली की टाके दुखले म्हणून रडली.

बाईला आम्ही ओसरीत बसवलं, मुलगी तिच्या मांडीवर दिली. मी माझी ओळख करून दिली. तिचं हॉलंडी वळणाचं इंग्रजी माझ्या कानाला झेपेना, म्हणून बोलणं ओबेदमार्फत. तिची खुर्ची खाली ठेवायला लावणारं शिंग माझंच, हेही सांगितलं. बाई म्हणाली, आधी तिला भयंकर राग आला होता. "पैसे मोजले, गुडघे मोडले, आणि ही माणसं मला झाडाखाली गाठोड्यासारखं ठेवून पळाली. मी ओबेदला म्हणाले, मला आत्ताच्या आत्ता खाली न्या. ओबेद म्हणाला, बाई, न्यायला माणसंच नाहीत."

"मग?" मी विचारलं.

मग ती जे सांगू लागली ते ओबेद एकेक वाक्य आमच्या भाषेत टाकत गेला आणि क्यारिसिमा मुलीला परत घ्यायचं विसरली. बरोबरचे दुसरे पाहुणे नीट दिसावं म्हणून बाजूच्या उंचवट्यावर गेले. बाईला हलता येईना. ती खुर्चीत तशीच. आणि वेली बाजूला झाल्या. आधी वास आला, धुराचा आणि घामाचा, कुस्तीच्या आखाड्यासारखा. मग तो आला. पाठ चंदेरी, चालण्यात कसलीही घाई नाही. जणू हा मुलूख त्याचा आणि ही खुर्ची कुणीतरी विसरून गेलं आहे. ओबेदने घशातून तो हुंकार दिला, आम्ही इथेच आहोत, काही मागत नाही, असा. बाईला म्हणाला, नजर खाली. बाईने नजर खाली केली आणि तिला त्याचे फक्त हात दिसले. एका हातात रानसेलरीचा दांडा. सोलताना तो दांडा जो आवाज करतो, तेवढाच आवाज सगळ्या रानात. सोललेलं साल तिच्या पायाशी पडलं.

एक पिल्लू खुर्चीच्या दांड्याशी आलं. दांडा चाटून पाहिला. कान्योनीच्या खांद्याचा घाम असणार त्याला. आईने खोकल्यासारखं करताच पळालं. मागून एक म्हातारी मादी आली, एक मनगट नुसतं थोटं, कधीकाळी फाशात अडकलेलं. ती हळू. चंदेरी पाठीचा पुढे जाऊन बसला, म्हातारी पोचेपर्यंत बसला, मग उठला.

तू आता म्हणशील, झालं, मास्तरांना धडा सापडला. नाही सापडला. जन्मभर मुंग्या, मधमाश्या आणि कासवं ह्यांच्याकडून मुलांना धडे काढून दिले, मला त्याचा वीट आला आहे. जनावर जनावराच्या कारणाने थांबतं. मी ह्या जंगलाच्या कडेला म्हातारा झालो आणि गोरिला दोनदाच पाहिले, दोन्ही वेळा आमच्या केळीचे गाभे खाताना, आणि दोन्ही वेळा मी त्यांना थाळी बडवून हाकललं. मला फक्त हेवा वाटला. त्या परक्या बाईने आपल्या डोंगराचं आतलं घर पाहिलं आणि तिचं तोंडावरचं फडकं डोळ्यांतल्या पाण्याने भिजलं. बस्स.

मग मी विचारलं. "बाई, एवढं चांगलं पाहिलंत, तर तक्रार का केलीत?"

ओबेदने विचारलं. बाईला प्रश्नच कळेना. पुन्हा विचारायला लावलं. मग जे बोलली ते ओबेदने सांगितलं.

"मास्तर, बाई म्हणतात, कसली तक्रार? त्यांनी संध्याकाळी लॉजवर एवढंच विचारलं की खाली कोण आजारी होतं. त्यावर मॅनेजर म्हणाले, काळजी करू नका, त्या आठही जणांना मी काढून टाकलं आहे. बाईंनी परत घ्या म्हणून सांगितलं. मॅनेजर हसले. म्हणून त्या लॉज सोडून निघाल्या."

कान्योनी शांतपणे लाकडं रचू लागला. मुहवेझी उठून आत गेला. क्यारिसिमा माझ्याकडे बघेना, मी तिच्याकडे बघेना. परक्या बाईसमोर आपल्या घरचा माणूस उघडा पडला की काय होतं, तुला माहीत नसेल. पायाखालची ओसरी आपली वाटत नाही.

कुणीही मागितलं नव्हतं, गेर्शोम. कुणीही! कंपालाच्या तुझ्या मालकाला कळायच्या आधी तू स्वतःहून आठ डोकी ताटात घालून ठेवलीस. आणि माझ्याशी बोलताना त्या भल्या बाईच्या पदराआड लपलास. मारकुटा मुलगा मला चालला असता. लबाड नको होता.

अजून वेळ आहे. डोली अजून निघालेली नाही.

य. ब.


९ जुलै

गेर्शोम,

निघाली. तुला मी काय कळवणार, तू होतासच.

तरी लिहितो, कारण तू तुझ्या बाजूने पाहिलंस आणि मी दांड्याखालून पाहिलं.

सकाळी जेनेरोझा म्हातारी वाफ्याच्या बांधावरून घसरली. खुबा गेला. तुझी आई गेल्यावर जिने तुला बुशेरा पाजून वाढवला, ती जेनेरोझा. दुसरी कुणी ह्या टेकडीवर नाही त्या नावाची. शिंग वाजलं तेव्हा टेकडीवर माणसं किती? कान्योनी, मुहवेझी, बिट्वारी, तुझ्याकडून परत न घेतलेले आणखी दोघे, आणि मी. बाकी सगळे तुझ्या पाहुण्यांबरोबर रानात. तुझ्या अटीतले चौघे शिंग ऐकून जागच्या जागी उभे राहिले म्हणे. एकाने कानावर हात ठेवले. पाहुण्यांनी विचारलं, कान दुखतो का.

मी दांडा घेतला. बिट्वारी म्हणाला, "मास्तर, खाली ठेवा, तुम्हालाच डोली लागेल." मी म्हणालो, "लागली तर आधीच जवळ असेन." चढावर आमचे गुडघे बोलायला लागले तेव्हा शेजारच्या दोघी बायका पुढे झाल्या. डोलीला बाईमाणूस खांदा देत नाही. बिट्वारीने तोंड उघडलं. तर डोलीतून, त्या दुखण्यातून, जेनेरोझा खेकसली, "बिट्वारी, तोंड तरी मिट नाहीतर दोन खांदे तरी दे!" त्याने तोंड मिटलं.

सडकेला जायची वाट तुझ्या फाटकावरून जाते.

आम्ही वळणावर आलो आणि तू समोर होतास. पांढरा सदरा, टाय, हॅट. शेजारी नुकतेच गाडीतून उतरलेले पाहुणे, त्यांच्या हातात अजून गार टॉवेल. तू आम्हाला पाहिलंस. मला पाहिलंस, दांड्याखाली. पद्धत तुला लहानपणापासून माहीत आहे. वाटेत डोली भेटली तर जो भेटेल त्याने खांदा द्यायचा. दहा पावलं तरी. वैऱ्याची असली तरी.

मी पावलं हळू केली. बिट्वारीला कळलं, त्यानेही केली. सगळी डोली तुझ्यासाठी हळू झाली, गेर्शोम. आत म्हातारी कण्हत होती आणि आम्ही हळू चाललो होतो.

एका पाहुण्याने तुला काहीतरी विचारलं. तू उत्तर दिलंस. इंग्रजीत. मी शिकवलेल्या इंग्रजीत, म्हणून शब्द न् शब्द कळला. "काही नाही, साहेब. इथल्या लोकांची पद्धत आहे."

इथल्या लोकांची!

मग तू हॅट काढलीस. छातीशी धरलीस. पाहुण्यांनीही आपापल्या टोप्या काढल्या. फार आदबशीर होतं. एकाने फोटो घेतला.

तुझा फाटकावरचा पहारेकरी, तो पूर्वेकडचा सोरोटीचा उंच माणूस, ज्याला आमची भाषाही धड येत नाही, त्याने दंडुका भिंतीला टेकवला, आला आणि माझ्या खांद्यावरचा दांडा उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतला. सडकेपर्यंत आला. त्याला तू काढलं असशील. काढलं असशील तर त्याला म्हणावं, क्यारिसिमाच्या घरी चूल आहे.

पुढे गेल्यावर जेनेरोझाने विचारलं, "तो गेर्शोम ना रे उभा होता?"

बिट्वारीने दांडा दुसऱ्या खांद्यावर घेतला. मग मीच म्हणालो, "हो."

"वाळलाय पोरगा," ती म्हणाली. "खातो की नाही कोण जाणे."

ती वाचेल असं म्हणतात. चालणार नाही. मी तिला भेटायला जातो तेव्हा ती तुझ्या खाण्याचं विचारते, आणि मला दर वेळी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभं राहावं लागतं. रागाने, बरं का. रागाने.

य. ब.


१७ जुलै

गेर्शोम,

रविवारी मंडळ बसलं. बिट्वारी उभा राहिला. तो तुझ्या आजोबांच्या डोलीला होता, तुझ्या आईच्या डोलीला होता. म्हणाला, "मास्तर, आणखी एकदा त्याला वेळ देऊ. पोरगाच आहे." सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी मान हलवली असती तर झालं असतं. माझ्यासाठी त्यांनी पुन्हा एकदा गिळलं असतं.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, नाव पुसा.

मग मी सांगितलं की माझी दुसरी विनंती आहे. मला मुहवेझीच्या घरात धरा. क्यारिसिमाशी बोलणं झालं आहे, मुहवेझी तयार आहे, ओसरीवरची खोली झाडून ठेवली आहे.

त्यावर जी कुजबुज उठली! मुलगा जिवंत असताना बाप जावयाच्या घरचा? ह्या टेकडीवर असं कुणी ऐकलेलं नाही. बिट्वारी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मास्तर, लाज वाटेल हो. जावयाच्या दारात म्हातारपण?"

मी म्हणालो, "बिट्वारी, लाजेचा खुबा मोडत नाही. माझा मोडेल."

कान्योनी मागून म्हणाला, "मास्तरांना मी एकटा नेईन. कवितांशिवाय वजनच काय त्यांचं?" लोक हसले. मग धरलं मला.

परवा सामान हलवलं. शाळेची पेटी, खुर्ची, तुझ्या आईचं मडकं. क्यारिसिमाच्या ओसरीवरून लॉज दिसत नाही, मधे टेकडीचा खांदा येतो. फक्त जंगलाची कड दिसते आणि सकाळी पाहुण्यांची रांग आत शिरताना दिसते, रंगीबेरंगी, मुंगीएवढी. मुलगी माझ्या मांडीवर असते. तिला मी काही म्हणून दाखवत नाही अजून. घसा बसलेला आहे.

तुला वाटेल म्हातारा अजून रागावून बसला आहे. बसलो आहे. पण राग करायला नातं लागतं आणि ते मी चार माणसांसमोर उभं राहून सोडून दिलं. म्हणून ह्या पत्रात आवाज खाली आहे. मला हे आवडलेलं नाही. रागात मी तुझ्याशी रोज बोलायचो.

जुनं घर उघडं आहे. छप्पर तुझं, वाफे तुझे, केळी तुझी. गोरिला आले तर थाळी दाराशी टांगली आहे.

आणि एक. उद्या किंवा वर्षाने वाटेत तुला डोली भेटेल. आत कोण आहे हे विचारू नकोस, विचारायची पद्धत नाही. वाटलं तर खांदा दे. दिलास तर कुठल्या घराच्या नावावर लागणार नाही, आणि नाही दिलास तरी आता कुणी पावलं हळू करणार नाही.

यिरेमिया बगांबाकी,
मुहवेझीच्या घरचा